बनुबाईंची कंबर आणि हंबीररावाचा गेर

लालासाहेबांनी मोटारीला डिझेलचं इंजिन बसवून आणलं आणि सगळ्या कुंडल गावात मिरवलं. त्यांच्या मातोश्री बनुबाईंची कंबर मात्र मिरवायच्या स्थितीत उरली नाही. गेर बदलला की गाडी असा हिसका द्यायची, की म्हातारी कळवळायची.

"हंबीरा, आईनं आणि एकदा कंबर धरली, तर तुझ्या जागी उंब्रजचा वजीर ड्रायव्हर येतोय बघ," मालकांनी ड्रायव्हरला बजावलं.

फौजेत ट्रक हाकून आलेल्या हंबीररावाच्या हे जिव्हारी लागलं. तो रोज रिकामी गाडी माळावर फिरवायला लागला आणि इंजिनाची खोड त्यानं हेरली. वरचा गेर टाकताना इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत दम धरायचा. खालचा टाकताना आधी हलकी रेस द्यायची, मग क्लचवरचा पाय असा उचलायचा की मांडीवरचं पोर जागं होऊ नये.

मग त्यानं बनुबाईंना लेकीकडं उंब्रजला नेऊन आणलं. जाता-येता एक हिसका नाही! म्हातारी कानानं अधू. गाडीचं तिला जे काय कळायचं ते कमरेनंच. ती दारात उतरली तेव्हा हंबीरराव शाबासकीसाठी पटका सावरून उभा होता.

"लाला," म्हातारी कडाडली, "ह्या मुडद्यानं वाटंत एकबी गेर बदलला न्हाई! कंबरंला कायबी कळलं न्हाई की!"

"एकाच गेरात आणली? आरं, इंजिन जाळतोस का माझं?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. "मालक, बदलला की! कळू नये असाच बदलला..."

"कळत न्हाई त्ये बदलणं कसलं रं? चालवून दाखव, न्हाईतर किल्ली ठेव."

अर्धं गाव गोळा झालं. बनुबाई पुन्हा मागं बसल्या. हंबीररावानं सवयीनं पहिल्यांदा मऊच गेर टाकला. म्हातारीनं खिडकीतून नकाराची मान हलवली. हंबीररावाला घरची चूल आठवली. त्यानं दात आवळले, रेस न देताच खालचा गेर घातला आणि क्लच धाडकन सोडला. गाडीनं उडी मारली, बनुबाईंचं डोकं टपाला लागलं.

"पडला गं बाई, पडला!" म्हातारी आनंदानं ओरडली. "ह्यो खरा गेर!"

लालासाहेबांनी हंबीररावाच्या पाठीवर थाप मारली. "असाच बदलत जा गड्या. आईची कंबर शेकू आमी."

नोकरी टिकली. हंबीरराव खाली मान घालून आपल्या डाव्या पायाकडं बघत राहिला. फौजेत तो पाय कधी चुकला नव्हता, आणि तेव्हा कुणी शाबासकीही दिली नव्हती.