थोरल्याची दुवा

सोवेतबेकने बुटांवरचा बर्फ मुलांच्या नाटकमंडळाच्या दारातच झटकला, खिशातला अर्ज चाचपला आणि आत पाऊल टाकलं, तोच समोरून एक चाकांची खुर्ची सुसाट आली आणि त्याच्या बुटांना टेकून थांबली.

"सांभाळून काका, घोडी नवी आहे," खुर्चीतला पोरगा म्हणाला. "मी एर्मेक. कोण हवंय?"

"नाटकाच्या बाई कुठे आहेत?"

"पडद्याचं कापड आणायला बाजारात गेल्यात. बसा की."

सोवेतबेक बसला. त्याची मुलगी जिबेक इथे दीड वर्ष येत होती, अपंग मुलांच्या मदतीला, अशी त्याची समजूत. पुण्याचं काम म्हणून त्याने तिला येऊही दिलं होतं. पण पुण्यालाही काही मुदत असते. पोरीची मोठी परीक्षा तोंडावर आली होती आणि परवा शेजारणीने विचारलं होतं, "तुमच्या जिबेकला नक्की झालंय तरी काय?" त्याच रात्री त्याने तिचं नाव इथून काढून घेण्याचा अर्ज लिहिला.

डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक मुलगा चाचपडत समोरून गेला. सोवेतबेक हळहळला. मुलाने पट्टी वर करून घड्याळ पाहिलं. मग एक धडधाकट पोरगी चहा घेऊन आली, आणि पेला देऊन वळताना तिने कोपऱ्यातली पांढरी काठी हाताने शोधून घेतली.

"यातलं आजारी कोण रे?" सोवेतबेकने हळूच विचारलं.

"आज? सर्दी फक्त मला आहे."

"तसं नव्हे. आमची जिबेक कोणाला सांभाळते?"

एर्मेकने नाक पुसलं. "जिबेक? उलट सायकाल तिला सांभाळायची. ती बघा, लाल रिबीनवाली. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. जिबेक आली तेव्हा पाच महिने भिंतीशी बसून नुसती रडायची, तोंडातून शब्द नाही. आम्हाला वाटलं, हिलाही ऐकू येत नसणार. म्हणून सायकालने तिला हातांनी बोलायला शिकवलं. आधी हात सुटले, मग तोंड. आता गप्प करायला दोघं लागतात."

सोवेतबेकने चहा खाली ठेवला. बायको गेली त्या हिवाळ्यापासून जिबेक घरात गप्प असायची. पोरगी किती समजूतदार, असं तो गल्लीभर सांगत आला होता.

तेवढ्यात जिबेक आतून आली आणि बापाला पाहून थबकली. मग तिला त्याच्या खिशातून डोकावणारा कागद दिसला.

"माझं नाव काढून घ्यायला आलात, बाबा?"

तो काही बोलायच्या आत एर्मेकने टाळी वाजवली. "बाई नाहीत, म्हणजे वयाने थोरले काकाच! आज नवं नाटक उभं राहतंय. काका, दुवा द्या."

सगळ्यांनी तळहात उघडून पुढे धरले. आता काय करणार? दुवा मागितल्यावर नाही म्हणणारा म्हातारा नारीन गावात अजून जन्मायचा होता. दिलेली दुवा आपल्याच हाताने मोडणारा तर मुळीच नाही. सोवेतबेकने हात उघडले. लग्नापासून नव्या ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला चालणारे शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघाले.

"वाट मोकळी राहो. हाती घेतलेलं तडीला जावो. तुमच्यातलं कोणी गळू नये."

बोलून झाल्यावर त्याला खिशातला अर्ज आठवला आणि कळलं, आपण काय बोलून बसलो.

जिबेक सायकालला ती दुवा हातांनी सांगत होती. त्याचे शब्द कधीच संपले होते, तिचे हात चालूच होते. छातीशी गेले, गळ्याशी गेले, पुन्हा बाहेर आले. सायकालचे डोळे भरले. दुवा पुरी होईपर्यंत हात खाली घ्यायचे नसतात, त्यामुळे सगळे तसेच थांबले.

"मी एवढं बोललो?" सोवेतबेक एर्मेकच्या कानाशी कुजबुजला.

"मला काय विचारता? दुवा तुमची."

शेवटी जिबेकचे हात थांबले. "ओमीन," म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि पांगले. सोवेतबेकने जरा उशिराच फिरवले, आणि खाली आणता आणता, कोणी बघत नाहीसं पाहून, जिबेकने नेले तसे एकदा छातीशी नेले, मग गळ्याशी.

सायकालने पाहिलं. मान हलवली, चुकलं. आणि सावकाश पुन्हा करून दाखवलं.