नादबाबांनी प्राण फुंकलेली फाइल

स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नादबाबा गाण्यांच्या फायलींत प्राण फुंकत होते.

"फाइल आकसली की आवाजाचा आत्मा उडतो!" बाबा गरजले. "यंत्राला आकडे कळतात, माया कळते का?"

पुढ्यात मामा बसले होते. वारलेल्या मामींचं एकच गाणं त्यांच्याकडे होतं. रेडिओच्या ध्वनिसंग्रहात काम करणाऱ्या भाचीने त्याची निम्म्या आकाराची प्रत करून दिली होती. बाबांनी आधी ती वाजवली. मग मूळ फाइलवर हात फिरवून आपली "सप्राण" प्रत लावली.

"अहो, समोर बसून गातायत!" गर्दी गहिवरली. मामांचे डोळे भरले.

"आता मूळ पुसा, ती आकसलेली प्रतही पुसा. एका आवाजाला दोन देह नकोत."

"मामा, थांब!" भाची गर्दीतून घुसली. तिने आपली प्रत पुन्हा मूळ रूपात उलगडली आणि दोन्ही फायलींचा, त्यांतल्या आकड्यांवरून निघणारा डिजिटल ठसा ताडून पाहिला. ठसे जुळेनात.

"घ्या! घरचंच यंत्र साक्षीला आलं," बाबा खदाखदा हसले.

भाचीचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "चूक माझी. मूळ फाइलला नाव-तारखेची नोंद चिकटलेली आहे, तीही मी मोजली. डब्यावरची चिठ्ठी निघाली म्हणून आतलं पीठ बदलत नाही."

तिने नुसता ध्वनी ताडून पाहिला. ठसे जुळले. मग एका फाइलची ध्वनिलहर उलटी करून तिने दोन्ही एकदम वाजवल्या. स्पीकर चिडीचूप.

"बिघडला काय गं?"

"नाही मामा. दोन्ही तंतोतंत सारख्या, म्हणून एकमेकींना पुरत्या खोडतात. कणभर फरक असता तर तेवढा ऐकू आला असता."

बाबांची प्रत तशीच तपासली, तर मामींचा फाटका आवाज उमटला. बाबांनी फक्त आवाज चढवला होता. चढा आवाज जवळचा वाटतो, एवढीच ती माया! चढवताना सुरांचे शेंडे मात्र छाटले गेले होते, आणि ते परत येत नाहीत.

भाचीने आपली आणि बाबांची प्रत आवाजाच्या सारख्या पातळीवर आणली. "बाबा, डोळे मिटून सांगा, प्राण कोणत्यात?"

बाबांनी छातीठोकपणे भाचीची प्रत निवडली.

हशा ओसरल्यावर मामा म्हणाले, "बाबांचं ऐकून दोन्ही पुसलं असतं तर तिचे हे सूर कायमचे गेले असते गं."

कान फसतात, त्यात लाज कसली? पण जे परत मिळणार नाही, ते पुसण्याआधी ताडून बघा. आणि ताडून बघू न देणाऱ्याला खुशाल दार दाखवा.