पुढच्या गॅलरीतली चादर

खरं सांगू का, माझं तोंड वाईट हाय. मन न्हाय, पण तोंड. आई म्हणायची, "कीर्ती, तुझी जीभ तुला एक दिवस रडवणार." ह्या थंडीत रडवलं.

आमच्या हितं सोलापुरात नळाला पाणी पाच दिवसाआड. तेवढ्यात भांडी, धुणी, दोन पोरांच्या अंघोळी, सगळं बसवायचं. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी न्हाय. त्यात डिसेंबर लागला आणि माझा सहा वर्षांचा कुमार अंथरुणात मुतायला लागला. एकदा न्हाय, आठवड्यातनं तीन-चारदा. आणि आपली सोलापुरी चादर म्हणजे एकदा भिजली की माणसाच्या वजनाची होती. सकाळी सहाला पोराला शाळेसाठी उठवायला जायचं, हाताला ओलं लागलं की माझं टाळकं सटकायचं.

"घोड्या, सहा वर्षांचा झालास की! सोनम चार वर्षांची, ती तरी करती का?"

तो कुडकुडत उभा राहायचा. चड्डी बदलताना बहिणीकडं पाठ करायचा. मला ते दिसायचं हो. दिसत असून मी बोलतच राहायची.

घराच्या मागं ऊन येत न्हाय, म्हणून चादर पुढच्या गॅलरीत टाकायची. सगळ्या गल्लीला दिसायची. एकदा शेजारच्या मायाक्कांनी खालनं विचारलं, "काय गं, रोजच चादर धुतीस? पाणी लई झालंय व्हय?"

मी वरनं हसत हसत मोठ्यांदा सांगितलं, "आमच्याकडं रोज नळ येतोय की! आमच्या कुमारचा!"

खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी ऐकलं. झालं! त्या दिवसापासनं कुमार दिसला की पोरं ओरडायची, "नळ आला रे, घागरी काढा!" त्यानं खेळायला जाणंच सोडलं. मी म्हटलं, बरं झालं, अभ्यास तरी करंल. कसली आई म्हणायची मी!

दोन दिवसांनी मायाक्का वर आल्या. म्हणाल्या, "थंडीत पोरं करतातच गं. रोज एक तिळाचा लाडू दे. पण त्याला लाजवू नको, पोर मनाला लावून घेतंय." मी लाडू केले. पण देताना जीभ गप बसंल तर शप्पथ. "खा, म्हणजे माझी धुणी तरी वाचतील," असं म्हणून हातावर ठेवला.

त्यानं लाडू खाल्ला, पाणी प्यायचं मात्र सोडलं. शाळेची बाटली रोज भरलेलीच परत यायला लागली. मी ते पाणी झाडाला घालायची आणि पुढं विचारायची न्हाय. संक्रांतीच्या आधी त्याला ताप भरला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी का पीत नाहीस रे बाळा?"

कुमार माझ्याकडं बघत म्हणाला, "प्यालं की होतंय. मग आईला धुवायला लागतंय."

डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

घरी आल्यावर त्याला मांडीवर घेतलं. चुकलं माझं, म्हटलं. आता कधी ओरडणार न्हाय, गल्लीत कुणाला सांगणार न्हाय. तो "बरं" म्हणाला. एवढंच. औषधानं आठ दिवसांत बरा झाला, पाणी प्यायला लागला, चादर कोरडी राहायला लागली. दोघांना सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला नेलं, पाळण्यात बसवलं, भजी खाल्ली. मला वाटलं, मिटलं.

काल सकाळी उठवायला गेले तर चादर ओली. कुमार आधीच जागा होऊन बसला होता.

"मी केली आई. मीच."

ह्या खेपेला मी ओरडले न्हाय. चड्डी बदलायला त्याला जवळ ओढलं, तर चड्डी कोरडी ठणठणीत. पलीकडं सोनम झोपली होती, तिचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजलेला.

"अरे, हे तर सोनमनं केलंय की."

त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. हळूच, ती जागी होऊ नये म्हणून, माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तिचं नाव नको घेऊ. गल्लीत माझंच सांग आई. मला सवय हाय."