रुमालाबाहेरचा भाव

वडिलांचं तेरावं झालं आणि मनकर्णानं कापसाची गाडी जुंपायला सांगितली. हाकायला सटवाजीकाका बसले. परभणीच्या मोंढ्यात बाईनं माल आणल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिथली रीत जुनी. अडत्या आणि जिनिंगचा खरेदीदार हातात हात घेत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा कापूस, तो लांब उभा. तेवढा वेळ वडील बैलाच्या मानेवरचे गोचीड काढत राहायचे. मनकर्णानं ते लहानपणापासून पाहिलं होतं. याच कापसाच्या गाठी मुंबईहून जहाजानं विलायतेला जायच्या, तिथला भाव तारेनं जिनिंगवाल्याला कळायचा. त्याच्या माडीवर माडी चढली. वडिलांच्या घराच्या धाब्यावर मात्र दर साली नवी माती तेवढी पडली. निजाम जाऊन तीन वर्षं झाली, रुमाल होता तिथंच होता.

आजही गाडी मोंढ्यात लागताच खरेदीदारानं तो खांद्यावरून काढला.

"रुमाल नको," मनकर्णा म्हणाली. "मोठ्यानं बोला."

अडत्या बन्सीधरशेट हसले. "बाई, रीत हाय ही. तुमचे वडील भुजंगराव कदी बोलले न्हाईत."

"म्हणून मी बोलायलेय."

"मंग काय तुमी हात घालता रुमालात?" खरेदीदार म्हणाला. आजूबाजूचे गाडीवान खिदळले.

तिनं हात पुढं केला. "टाका रुमाल."

खरेदीदारानं चटकन आपला हात मागं घेतला. आता गाडीवान त्याला हसले.

"हात चालत न्हाई, तर तोंड हाय ना?" मनकर्णानं विचारलं.

तो तणतणत पुढच्या गाडीकडं गेला.

"मनू, माल वापस न्यावा लागंल," काका हळूच म्हणाले.

"नेऊ. पण बापूंचा शेवटचा कापूस रुमालाखाली जाणार न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. ती गाडीखालच्या सावलीत बसून राहिली. अखेर खरेदीदार परतला. गावरानी कापूस, लांब धाग्याचा; बोटांनी तो पुन्हा पुन्हा ताणून पाहत होता. मग ओठातल्या ओठात त्यानं भाव सांगितला.

"मागच्या गाड्यांना ऐकू जाऊ द्या."

त्यानं बन्सीधरशेटकडं पाहिलं. शेट दुसरीकडं बघत होते. खरेदीदारानं आकडा मोठ्यानं उच्चारला.

मागच्या गाडीवरचा म्हातारा ताडकन उठला. "ओ शेट! माझाबी कापूस गावरानीच हाय. मला सकाळी रुमालातून भाव किती कमी काढून दिला तुमी?"

एकेक गाडीवान खाली उतरू लागला. मनकर्णा उभी राहिली आणि काकांना म्हणाली, "आता माल काट्यावर सोडा."