थोरलीचा पहिला घास

माझ्या आईच्या गळ्यात माझ्या वडिलांची पहिली बायको असते. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटासा टाक, त्यावर एका बाईची पुसट आकृती. तिचं नाव फुलाबाई. पहिल्याच बाळंतपणाआधी ती वारली, आणि वर्षाच्या आत वडिलांनी माझ्या आईशी, सारजाशी, लग्न केलं. घरात पाऊल टाकताच आजीने नव्या सुनेच्या गळ्यात हा टाक घातला. सवतीला आधी दिल्याशिवाय नवीने काही खायचं नाही, काही नेसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नवी साडी आली की तिची घडी आधी टाकाला लागते. ताट वाढलं की पहिला घास टाकाला टेकवायचा आणि मग तो आपण खायचा. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा आईचं मंगळसूत्र उतरलं, पण थोरली काही उतरली नाही.

बरं, थोरलीला आवडनिवडही आहे! आजीने पहिल्याच दिवशी आईला सांगून ठेवलं होतं, "थोरलीला गोड लई आवडायचं." झालं. तेव्हापासून आज चाळीस वर्षं आई पहिला घास गोडाचा खाते. घरात काही नसलं तर गुळाचा खडा. आता आईला साखर झाली आहे. डॉक्टर माझ्यावर ओरडतात, मी आईवर ओरडते, आणि आई टाकावर हात ठेवून बसते. मेलेल्या बाईच्या जिभेसाठी जिवंत बाईने गोळ्या गिळायच्या, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

माझे दोन गर्भ गेले, तेव्हा आई मला एका शब्दाने बोलली नव्हती. पण देव्हाऱ्यापुढे टाक मुठीत धरून ती बसलेली मी बघितली होती. "काय कमी पडलं बाई माझ्याकडनं?" असं ती त्या चांदीच्या पत्र्याला विचारत होती. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आता तिसऱ्या खेपेला मला सातवा लागलाय. थोरली सातव्यातच गेली होती. आई हे कधी तोंडातून काढत नाही, पण सातवा लागल्यापासून वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरमधून तिने मला दुकानापर्यंतसुद्धा एकटीला सोडलेलं नाही.

असं असताना आम्ही बारामतीच्या लग्नाला गेलो, कारण थोरलीचं माहेर तेच आईचं माहेर, हीसुद्धा रीतच. थोरलीला आईबाप नव्हते. कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली मोठी बहीण प्रयागबाई, एवढंच तिचं माहेर. त्या प्रयागमावशींच्या नातवाचं, ऋषिराजचं, लग्न. ऊसवाल्यांचं लग्न, त्यामुळे पाहुण्यांची सोय हॉटेलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा नाष्टा खालच्या हॉलमध्ये, बुफे.

हॉलमध्ये आमची पाहुणेमंडळी हपापाचा माल गपापा करत होती. इडलीवर ऑम्लेट, ऑम्लेटवर शिरा, वर दोन ब्रेड. पणदऱ्याचे एक तात्या कॉर्नफ्लेक्सवर सांबार ओतून घेत होते आणि त्यांना ते आवडलंही होतं. या सगळ्यात माझी आई रिकामी प्लेट छातीशी धरून एकेका भांड्याचं झाकण उचलून बघत होती आणि परत ठेवत होती.

"आई, घे ना काहीतरी," मी म्हणाले. "तुला काय आवडतं ते घे."

"मला?"

"हो, तुला."

"मला समदं चालतं."

"चालतं ते विचारलं नाही. आवडतं काय?"

आई खरंच विचार करायला लागली. उपम्याकडे बघितलं, पोह्यांकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. मग तिचा चेहरा गोंधळला. पासष्टीच्या बाईला आपल्याला काय आवडतं ते आठवत नव्हतं. कदाचित आठवायला तसं काही नव्हतंच. तिने चमचाभर शिरा घेतला, मान खाली घालून तो टाकाला टेकवला, आणि मी तिथून निघून फळांच्या टेबलाकडे गेले. मला ते बघायचं नव्हतं.

तिथे कलिंगड होतं, अननस होता आणि पपई होती. मला पपई जन्मात आवडली नाही. लहानपणी तिच्या वासानेच मी पळायची. पण गेले आठ दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतून उठावं तर तोंडात पपईच. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, पिकलेल्या चार फोडी खाल्ल्या म्हणून काही होत नाही. तरी आईच्या धाकाने मी घरात नाव काढलं नव्हतं. इथे मी प्लेट भरून घेतली. चार कसल्या, दहा-बारा फोडी असतील. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, काटा उचलला आणि आईने प्लेट ओढून घेतली.

"येडी का खुळी तू? सातव्यात पपई? पोर पडंल!"

"पिकलेली आहे, आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांचं काय जातंय सांगाया? आजाबात न्हाय." तिने प्लेट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली. तेवढ्यात प्रयागमावशी पाहुण्यांनी खाल्लं की नाही ते बघत आमच्याकडे आल्या. आई त्यांना म्हणाली, "बघा की, प्रयागबाई. तुमी तरी सांगा हिला, हे खायचं नसतं म्हनून."

प्रयागमावशींनी प्लेटकडे बघितलं. सत्तरीची ताठ बाई, काल लग्नात वाघिणीसारखी फिरत होती. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मी न्हाय सांगनार," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलं ते बास झालं." मग मला विचारलं, "कधीपास्नं वाटती गं पपई खावीशी?"

"आठ दिवस झाले, मावशी."

"म्हंजी सातवा लागल्यापास्नं."

मी हो म्हणाले. त्या हळूहळू खाली बसल्या. शेजारी कुणीतरी चहावरून वेटरशी भांडत होतं.

"फुलीला बाळंतपनाला मीच आनली व्हती कोऱ्हाळ्याला," त्या आईला म्हणाल्या. "सातवा लागला आन पपईचं याडच घेतलं तिनं. आमच्या परड्यात झाड व्हतं. 'अक्का, एक फोड दे गं. एकच.' दिसभर माझ्या मागं मागं. मी म्हनलं, पोर पडलं तर तुझ्या सासूला काय तोंड दावू? झाडाची पपई काढून सुपाखाली झाकली आन वर पाटा ठिवला, तिला उचलू नये म्हनून. मग तिचं अंग सुजलं, झटकं यायला लागलं. बैलगाडीत घालून बारामतीला आनली. वाटंत शुद्धीवर आली, तर म्हनती, 'अक्का, आता तरी दे.' दवाखान्याच्या दारात गेली. पोटातलंबी गेलं. ज्याच्यासाठी दिली न्हाय, तेबी गेलं. घरी आले तर सुपाखाली पपई सडून चालली व्हती."

आईचा हात टाकावर गेला. "पर सासूबाई तर म्हनायच्या, थोरलीला गोड आवडायचं."

"गोड तुझ्या सासूला आवडायचं, सारजा. फुलीनं गोडधोडाला कधी हात लावला न्हाय. शिरा बघितला की उठून जायची."

आई माझ्याकडे बघायला लागली. आधी तोंडाकडे, मग पोटाकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ कळत होतं: चाळीस वर्षं नको तेच भरवत आले, आणि जिला भरवलं ती उपाशीच राहिली. एरवी मी फाडकन बोलले असते. हे सगळं खुळचटपणाचं आहे, आई, असं म्हणाले असते. पण मला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या चांदीच्या पत्र्याची भीती वाटत होती. मला पपई आवडत नाही. कधीच आवडली नाही. मग आठ दिवस ती मागत कोण होतं? आणि सकाळपासून बाळ पोटात हललं नव्हतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आईने टेबलाच्या टोकाची प्लेट उचलली. मला वाटलं, ती फेकून देणार. तिने ती प्रयागमावशींच्या हातात दिली.

"तुमी द्या," ती म्हणाली. "माझ्या हातचं तिनं लई खाल्लं. तुमच्या हातचं ऱ्हायलंय."

"आई, नको. मला आता नकोय," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. माझी वासना पार मेली होती.

पण आई माझं ऐकत नव्हती. तिने माझ्यापुढे हात जोडले होते. आई कधी लेकीपुढे हात जोडते का? प्रयागमावशींनी एक फोड बोटांनी उचलली. फोड माझ्या ओठांपाशी आली.

"फुले," त्या म्हणाल्या, "खा गं."

मी मोना आहे, मावशी, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि फोड आत गेली. गार होती. मी चावली, गिळली. चव काही लागलीच नाही. म्हातारी टक लावून माझ्याकडे बघत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हती, वाट बघत होती. आईचे हात जोडलेलेच होते. मी पोटावर तळवा ठेवून बसले. काही नाही. अजूनही काही नाही. आणि मग आतून एक लाथ बसली, इतकी जोरात की तळव्याला कळली.

"अक्का," मी म्हणाले, "अजून एक दे."