उसवलेली शिवण

पेढ्यांनाच खवट वास येत होता, की मंजुषालाच सगळ्या घराची शिसारी आली होती, कोण जाणे. साताऱ्याहून सयाजीमामा चार वडीलधारे घेऊन सकाळीच कोपरखैरण्याला आला होता. त्याच्या मुलीची, ऋताची, आज मंजुषाच्या भावाशी, यशराजशी, सुपारी फुटायची होती. मामाची पोर सून म्हणून आणायची ही या घराची जुनी हौस. आईसुद्धा मंजुषाच्या वडिलांच्या, अण्णांच्या, मामाचीच मुलगी.

त्या हौसेचं फळ म्हणजे मंजुषा. वय सव्वीस, पण जमिनीवरून उठायचं म्हणजे दिव्य. डॉक्टरांनी अण्णांना समजेल असं सांगितलं होतं. स्नायूच्या पेशीभोवती पातळ पडदा असतो आणि काही प्रथिनं त्याला शिवणीसारखी धरून ठेवतात. हिच्या अंगात त्यातलं एक प्रथिन तयारच होत नाही. शिवण उसवलेली गोणी दर वेळी उचलताना सांडते, तसा हिचा स्नायू दर हालचालीला झिजतो. वाशीच्या मार्केटात तीस वर्षं गोण्या वाहिलेल्या अण्णांना ते लगेच कळलं. दोष आईबाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. यशराजमध्ये तो एकेरी निघाला होता. त्याला त्रास नव्हता, पण बायकोतही तो निघाला तर पोरांना धोका होता. ऋताचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

आईनं रिपोर्ट साड्यांखाली दडपला आणि आज मंजुषाला आतल्या खोलीत बसवलं. बाहेर एका म्हाताऱ्यानं पोरीच्या पायांचं विचारलं. लहानपणी तापात गेले, असं आईनं बिनदिक्कत सांगून टाकलं. भिंत धरत मंजुषा बाहेर आली, ऋताशेजारी सतरंजीवर बसली आणि रिपोर्टात होतं ते सगळं तिनं तिथंच सांगितलं.

अण्णा चहात बघत राहिले, यशराज मोबाइलमध्ये. मामानं बोटाला लागलेला पेढा चाटला.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "हजारात एखादं निघतं असलं. पोरगी आपल्याच घरात पडतीया, ह्ये काय कमी हाय?"

म्हणजे यालाही ठाऊक होतं. स्वतःच्या पोरीला तो डोळे उघडे ठेवून खड्ड्यात ढकलत होता, आणि वर पेढा खात होता. मंजुषाला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. तिला तिथं क्षणभरही बसवेना.

ती उठायला लागली. आधी ओणवी झाली, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढत चढत. धाप लागली, पदर सुटला. एवढ्या माणसांत एकाचाही हात पुढे आला नाही. ऋता मात्र शेवटपर्यंत बघत होती. मग तिनं उठून मंजुषाचा पदर सारखा केला.

"आबा, सुपारी खाली ठेवा," ती बापाला म्हणाली. "आदी माझं रक्त तपासा."

मामाच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. आईनं मंजुषाकडे पाहिलं, पेढ्यात अळी निघाल्यासारखं.