एकेरी दोर

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. पोरगी सासरी गेली आणि तिच्या बापाला अवजारं ताडून बघायचा नाद लागला. त्या सकाळीही तो घरामागच्या झाडाला दोर टाकून जमिनीपासून हातभर वर लटकत होता.

झाडं छाटणं हा त्यांचा धंदा. तो वर चढायचा, बायको खाली दोर सांभाळायची. पूर्वी दोर दुहेरी असे, गाठीवर निम्माच भार येई. आता सगळे एकेरी दोरावर चढू लागले होते. अख्खा माणूस एका सरकत्या गाठीच्या भरवशावर. भार आला की ती दोर धरते, बोटानं रेटली की सरकते. गाठ नको तर लोखंडी पकड होती, आणि गाठीच्या वर बसून थोडा भार आपल्यावर घेणारा चिमटाही होता. त्यानं तिन्ही प्रकार आणले होते. गाठ आवळते, म्हणायचा. पकड ओल्या दोरावर घसरते. चिमटा फांदीत अडकतो.

“दादा, जावई बघतानासुद्धा तू एवढ्या खोड्या काढल्या नव्हत्यास,” त्यांच्या जोडीला काम करणारा तिचा दीर म्हणाला.

दीर हसला, तोही हसला. बायकोला हसू आलं नाही.

वरच्या फांदीवरून फिरून आलेलं एकेरी दोराचं खालचं टोक बुंध्याशी बांधलेल्या लोखंडी आठात, म्हणजे आठाच्या आकड्यासारख्या कडीत, अडकवलेलं असतं. तिथं हात ठेवला की वरचा माणूस कळतो. अर्धं आयुष्य तिचा हात तिथंच गेला होता. त्या वर्षापासून वारा नसतानाही दोर थरथरायला लागला होता. नवरा कधी पडला नव्हता. कदाचित म्हणूनच पडण्याची भीती बसली असावी. त्याबद्दल ती त्याच्याजवळ बोलली नाही; बोललं की खरं होईल, अशी तिला धास्ती वाटे.

त्या दिवशी शाळेच्या मैदानातलं उंच, वाळायला लागलेलं झाड होतं. दीर तोडलेल्या फांद्या गाडीत भरायला फाटकापाशी गेला. नवऱ्यानं गाठ घेतली आणि चढला. शेंड्याजवळ पोचला तसा दोर थरथरायचा थांबला. थरथर परवडली असती.

“अहो,” तिनं हाक मारली.

वरून बारीक आवाज आला. “गाठ आवळलीय.”

“हलवून तर बघा.”

“नाही हलत.” मग म्हणाला, “भावाला बोलावू नकोस.”

ती काय समजायचं ते समजली. आठावरचा अडकवलेला पीळ तिनं काढला आणि दोर इंचाइंचानं सोडू लागली. तिचा हात सुटला असता तर तो सुटला असता. तो डोळे मिटून, दोराला मिठी मारून खाली आला आणि पाय टेकताच बुंध्याला पाठ लावून बसला.

त्याला मोकळं करायला तिनं गाठीला बोट लावलं. गाठ लोण्यासारखी सरकली.

दोघांनीही ते पाहिलं.

“हातच उचलेना गं,” तो म्हणाला.

फाटकाकडून दीर पळत येताना दिसला. तिनं गाठीचे दोन्ही पदर मुठींत धरले, बुंध्याला पाय लावला आणि होतं नव्हतं ते वजन मागं टाकलं. दोरी तळव्यात रुतली. गाठ दोरात चावा घेऊन बसली.

“काय झालं, वहिनी? दादा घाबरला की काय?”

“गाठ बघा, भाऊजी.”

दीरानं अंगठ्यानं रेटून पाहिलं, दोन्ही हातांनी पाहिलं, शेवटी दातही लावले. गाठ जागची हलली नाही.

“तरी सांगत होतो, पकड घे म्हणून,” तो खालच्या आवाजात म्हणाला. भावाला त्यानं पाण्याची बाटली दिली, पकड कमरेला लावली आणि उरलेलं काम संपवायला स्वतः वर गेला.

त्यानंतर नवरा झाडावर चढला नाही. एकेरी दोराला गाठ वाईट, आमचा दादा थोडक्यात वाचला, असं दीर नव्या चढणाऱ्यांना सांगायचा, आणि नवरा मान डोलवायचा. धाकट्या लेकीला मुलगा झाला त्या हिवाळ्यात, एका दुपारी, तो घरी अंथरुणावर वारला.